एकच मिनिट, रिंकीला गप्प ठेव!

...आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "ती शिंकली कशी?" आता नऊ महिन्यांचं लेकरू काय तुमची परवानगी काढून शिंकणार आहे का हो? तुम्हाला सांगते, गोंदियात कुणाच्या नवऱ्याला पत्त्यांचा नाद, कुणाच्या नवऱ्याला तंबाखूचा खर्रा चघळायचा. आमच्या ह्यांना हॅम रेडिओचा! चोरीचं काही नाही, रीतसर परीक्षा देऊन परवाना काढलाय. पूर्वी निदान माईकवर बोलायचे. आता म्हणे डिजिटल! म्हणजे इथे अक्षरं टाइप करायची, कॉम्प्युटर त्यांच्या शिट्ट्या करणार, त्या शिट्ट्या रेडिओतून चंद्रपूरला जाणार आणि तिथे ह्यांच्या मित्राचा, भोजराजभाऊंचा कॉम्प्युटर शिट्ट्यांची पुन्हा अक्षरं करणार. अहो, चंद्रपूरला फोन लागतो की! पण मी कोण बोलणारी? बी.एस्सी. असले तरी रिंकीचा ताप मी तीनदा मोजते आणि तीनदा चुकते...

तर त्या दिवशी नवेगाव बांधला माझ्या बहिणीचा, पुष्पांजलीचा साखरपुडा. बस साडेअकराची. दहा वाजता साडी नेसून, रिंकीला कडेवर घेऊन "निघायचं ना?" विचारायला ह्यांच्या खोलीत शिरले आणि मागून कडी! "एकच मिनिट! भोजराजकडून तीन मोडमधून, तीन तऱ्हेच्या शिट्ट्यांतून, तोच निरोप मागवायचाय. पुराच्या वेळी कोणता वापरायचा ते आजच हॅमवाल्यांच्या क्लबला कळवायचंय." पुराचं नाव काढल्यावर बाईमाणसानं काय बोलायचं?

बरं, रेडिओ आणि कॉम्प्युटर जोडायची वायर आमच्याकडे नाही. रेडिओच्या स्पीकरसमोर कॉम्प्युटरचा माईक, तोही रिंकीच्या उशीला टेकवलेला! म्हणजे खोलीतला सगळा आवाज आत. म्हणून पंखा बंद. आणि अँटेनाची तार दाराच्या फटीतून येऊन कडीलाच गुंडाळलेली, म्हणून दार बंद. मे महिना! मी, रिंकी, भरजरी साडी आणि "शूऽऽ, एकच मिनिट!"

पहिला मोड पीएसके थर्टी-वन. झरझर अक्षरं येतात, मान्य. पण रिंकीनं नुसतं "ब्याँ" केलं की पडद्यावर 'ई ई टी ई टी'! "बघ, तुझ्या पोरीनं अख्खी ओळ खाल्ली!" हसते तेव्हा ह्यांची, ओळ खाल्ली की माझी.

दुसरा जेटी सिक्स्टी-फाइव्ह. त्याला सॉफ्टवेअर वेगळं, घड्याळ सेकंदाला जुळलेलं, आणि तेरा अक्षरं यायला लागतं एक मिनिट... खरंखुरं एक मिनिट! एक मिनिट भोजराजभाऊंचं, मग एक आपलं, मग पुन्हा त्यांचं. अशा चालीनं निरोप पोचेपर्यंत पूर ओसरून भाताची रोवणी सुरू होईल! मी रिंकीला छातीशी धरून श्वास रोखला. आणि रिंकी एकदम गप्प. इतकी गप्प? श्वास चालू आहे ना? हळूच तिच्या नाकाखाली बोट धरलं... आणि ती शिंकली. मिनिट गेलं वाया, पडदा कोरा. कशी शिंकली ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तेवढ्यात दाराबाहेर सासूबाई: "काऊन गा लोकेंद्र, पोरीले काऊन कोंडून ठेवलास? बस जाऊन राहिली ना!"

"माय, एकच मिनिट!"

तिसरा ऑलिव्हिया. ह्याला फ्लडिजी नावाचं, पहिल्या मोडचंच फुकटातलं सॉफ्टवेअर. एव्हाना रिंकीचा बांध फुटलेला! हातपाय झाडत, सूर लावून... मी डोळे मिटून घेतले. उघडले तर काय, गोगलगायीच्या चालीनं एकेक अक्षर येतंय, पण शाबूत! 'पाणी वाढले, नाव पाठवा.' एक मात्रा इकडची तिकडे नाही! हे खुर्चीवरून उडाले, भोजराजभाऊंना कळवून टाकलं: पोरगी कोकलत असताना आलं! मी म्हटलं, "झालं ना? काढा कडी!" अकरा वीस. रिक्षानं स्टँड पाच मिनिटांवर. ह्यांचा हात कडीवर... आणि भोजराजभाऊंचं उत्तर उमटलं: 'मग बाकीच्या दोन मोडनाही तेवढंच रडणं पाहिजे. नाहीतर तुलना बराबर नहीं.'

हात कडीवरून खाली आला.

"भूमेश्वरी... एकच मिनिट. तिला जरा परत रडव ना."

मघापासून जिला गप्प करता करता माझा जीव गेला, ती कार्टी आता हसायला लागली! मी डोळे वटारले, हसली. खुळखुळा काढून घेतला, खदखदून हसली. अकरा तीस. बाहेरून सासूबाई: "गेली रे बाबा बस!" पुढची दोनला, म्हणजे तिथे पोचेपर्यंत टिळा लागलेला, पेढे वाटलेले, आणि थोरली बहीण कुठे म्हणून सगळा गोतावळा विचारून थकलेला... आणि माझंच रडू फुटलं. हुंदके देऊन देऊन रडले हो!

ह्यांनी काय केलं? माईक माझ्याकडे वळवला. "असंच... असंच... एकच मिनिट!"

साखरपुड्याच्या फोटोत मी नाही. क्लबला गेलेल्या कागदावर मात्र आहे. गोंगाटाच्या रकान्यात ह्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय: 'घरगुती. एकसारखा. लागेल तेव्हा उपलब्ध.'