मेघनाच्या आकड्याशेजारची लाल खूण

दत्ताभाऊ, वहिनी, आणि इथं जमलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो. मी रशीद, यांचा चिखलीतला शेजारी. चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. माल नापास करताना कधी जीभ अडखळली नाही माझी. आज अडखळतेय. सांभाळून घ्या.

आपली मेघना गेली. आजारानं नेली. बापाच्या, दत्ताभाऊंच्या वर्कशॉपमध्ये, लेथच्या आवाजात अभ्यास केलेली ही पोर आकाशगंगांवर संशोधन करत होती. एकदा मी विचारलं, "बाई, करतेस तरी काय?" म्हणाली, "चाचा, आकाशगंगांचेही जथे असतात. दोन जथे एकमेकांत घुसले, की आतल्या आकाशगंगांत नवे तारे जन्मायचे वाढतात की थांबतात, ते बघते."

"मग? काय होतं?"

"ज्या वायूपासून तारे होतात, तो त्या धडकेत बाहेर ढकलला जातो. कधीकधी आधी दाबला जातो, अन् घटकाभर ताऱ्यांचं पीकच येतं. वायू संपला, की सगळं शांत."

तिची घटका म्हणजे कोट्यवधी वर्षं. घ्या!

आमच्या लाइनीत एक शिस्त आहे. आपण घडवलेल्या जॉबवर आपणच ओकेचा शिक्का मारायचा नाही. दुसऱ्यानं तपासायचा. ही शिस्त तिनं बापाकडून उचलली. लॅपटॉपवर आकाशगंगांचे फोटो घेऊन माझ्याकडे आली. "चाचा, प्रत्येकीत नवे तारे किती, ते माझे आकडे न बघता परत मोजा." बसलो. आणि काय केलं माहितीये? कडा फाटलेल्या सगळ्या आकाशगंगा रिजेक्ट करून टाकल्या! सवय हो. कास्टिंगची कड फाटली, की बाजूला. पोर पोट धरून हसली. "अहो चाचा, त्याच तर पाहिजेत मला! त्या फाटक्या शेपटांतच नवे तारे आहेत." मग तिनं नव्या ताऱ्यांचे निळे ठिपके ओळखायला शिकवले. दोन वर्षं दर रविवारी बसलो आम्ही. माझी स्वतःची पोरं एवढी बसली नाहीत माझ्याजवळ.

शेवटची फाइल तपासायची राहिली. दत्ताभाऊ म्हणाले, "रशीदभाई, तिच्या हातचं शेवटचं आहे. काही बदलू नका." मी हो म्हणालो. बापापुढे काय बोलणार?

पण भाऊ, आज सगळ्यांसमोर सांगतो. परवा मी ती फाइल घेऊन बसलो. एका आकाशगंगेपुढे तिनं लिहिलंय, नवे तारे शून्य. शून्य नाहीत. कडेला दोन निळे ठिपके आहेत. तीनदा बघितले. तिचे सर इथं बसलेत, त्यांनीही बघितले. दुखण्यात सुटले असतील तिच्या नजरेतून. वाटलं, जाऊ दे, मारावा ओके. कोण विचारणार आहे?

नाही मारला. तिचा आकडा खोडला नाही. शेजारी लाल खूण केली, खाली सही केली. तुमचा शब्द मोडला, भाऊ. रागवा माझ्यावर. पण तिनं मला शेजारी म्हणून नव्हतं बसवलं. इन्स्पेक्टर म्हणून बसवलं होतं.

मेघना, बेटा, तुझी चूक निघाली गं. तू असतीस तर कमरेवर हात ठेवून भांडली असतीस. "दाखवा कुठं," म्हणाली असतीस. दाखवलं असतं गं, पोरी.

उठा मंडळी. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.