होडीच्या कार्डावरची सही

मंगळवारी समुद्रावर जायचं नाही हा अपाम या किनारी गावच्या कोळ्यांचा नेम, म्हणून त्या दिवशी सरकारी कचेरीत त्यांचीच रांग. बाळाच्या विमाकार्डासाठी आलेली मन्सा, बाळाला पाठीशी बांधून, त्याच रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक तरुण होता आणि त्याचा काका.

“काका, होडीच्या परवान्याच्या कार्डावर नाव छापलंय, फोटो आहे, अंगठाही घेतला. वर आणि सही कशाला?”

“फोटो तू कोण ते सांगतो, एबो. तू काय पत्करलंस, ते सही सांगते.”

“काय पत्करलं?”

“होडीत आठ माणसं नेली, तर आठ परत आणीन. नाही आणली, तर त्यांच्या दारात पहिला मी जाईन.”

“असं कुठे लिहिलंय?”

“तुझ्या बापाच्याही कार्डावर नव्हतं. तरी त्या वादळानंतर तो तीन दारांत गेला. एक आई त्याच्या तोंडावर थुंकली. त्याने पुसलंसुद्धा नाही.”

“मला कुणी बोललं नाही कधी.”

“आज बोललो.”

“तरंगायची जाकिटं चारच आहेत, काका.”

“ठाऊक आहे मला.”

“मग चला. आणखी चार घेऊ, मग पुढच्या मंगळवारी सहीला येऊ.”

“सकाळपासून उभा आहेस, बाबा.”

“असू दे.”

दोघे निघून गेले. मन्साची पाळी आली. खिडकीतून कारकुनाने बाळाचं कार्ड पुढे सरकवलं.

“बाळाला लिहिता येत नाही ना? मग आईने करायची सही.”

कॉलेजपासून मन्साची सही म्हणजे एक फराटा. तिने पेन टेकवलं.

“अहो बाई, एवढ्याशा सहीला किती वेळ?”

“पूर्ण नाव लिहितेय,” मन्सा म्हणाली.