अंड्यातलं इंजेक्शन

...न्हाय, पण जाताना कुणीतरी सांगाय नको व्हय? बाईमाणूस केनियाला निघालंय, विमानतळावरच्या सायबांनी पासपोर्ट बघितला, व्हिसा बघितला, बॅगेतली शेंगदाण्याची चटणीसुद्धा हुंगून बघितली, आणि म्हणाले, "जावा!" गेल्या अक्काताई. आता परत यायचं म्हटल्यावर इचारत्यात, पिवळ्या तापाचं इंजेक्शन घेतलंय काय? न्हाय? मग मुंबईत उतरल्या उतरल्या सहा दिवस कोंडून ठेवणार! आता तुमीच सांगा पावणं, जाताना मोकळं सोडायचं आणि येताना आपल्याच माणसाला कडी लावायची, ही कुठली रीत?

तर तुमास्नी सांगतो, अक्काताई म्हणजे आमच्या शेजारच्या. भिंतीला भिंत. त्यांच्यात फोडणी बसली की आमच्यात शिंका! मालक बाहुबली आण्णा, कबनूरला माग हायत त्यांचे. जन्मभर मागाच्या खडखडाटात बोलून बोलून असला आवाज झालाय की ते घरात "चहा टाक" म्हणाले की गल्लीतली चार घरं चहा टाकत्यात. पोरगा अभिनंदन तिकडं केनियात साखर कारखान्यात इंजिनियर. त्याला झाला मलेरिया. आईचं काळीज ते, मिळंल त्या विमानानं गेल्या. पोरगा बरा केला, चांगला गुटगुटीत केला, तवर हिकडं पोरगी प्रियदर्शनी पैल्या बाळंतपणाला म्हायेरी आली. आली खरी, पण म्हायेरात आईच न्हाय! कोण हाय? तर बाहुबली आण्णा! त्यांनी मायेनं "काय खाणार गं बाळा?" म्हटलं तरी ती पोरगी दचकून भिंतीला टेकायची.

त्यात चंदगडहून विहीणबाईंचा केनियाला फोन. आवाज कसा, नुसता काकवीत बुडवल्यागत! "तुमी सावकाश या हो, काय गडबड न्हाय... बाळाला पैली आंघोळ मी घालतो की!"

झालं! अक्काताईंनी उलथनं आपटलं. "समुद्र आडवा येऊ दे, न्हाय तर डोंगर आडवा येऊ दे, माझ्या लेकीच्या बाळाला पैली आंघोळ मीच घालणार!"

आता ह्या इंजेक्शनची गंमत अशी, की टोचल्यावर दहा दिवसांनी ते लागू धरत्यात. आणि अक्काताईंचं विमान अकराव्या दिशी! म्हणजे आज टोचलं तर टोचलं. आणि हे त्या इंजिनियरला कधी कळलं? तर त्या दिशी सकाळी, दात घासताना, मोबाईलवर! तोंडात ब्रश तसाच, गाडी काढली, दवाखाना गाठला, आईला दारात सोडलं आणि हा गेला गाडी लावायला. तिथंच घात झाला बघा.

आत नर्स. बाई चांगली, शांत, हसतमुख. कागद पुढ्यात घेऊन तिनं इंग्लिशमधनं इचारलं, "अंड्याचा काय त्रास?"

कुणाला इचारायलीस बाई! जैनाची सून, जी पालेभाजी निवडताना अळी सापडली की तिला हळूच उचलून परसात सोडून येत्या, तिला तू अंडं इचारतीस? अक्काताई खुर्चीवरनं उठून उभ्याच ऱ्हायल्या. "एग? नो! नो नो नो! बिग प्रॉब्लेम!"

नर्सचा पेन थांबला. "तुमाला एकटीलाच, का घरात आणखी कुणाला?"

"ऑल फॅमिली! मदर, फादर, फादरचा फादर... ऑल!"

"अरे देवा. खाल्लं तर काय होतंय?"

आता पाप लागतंय ह्याला इंग्लिशमधे काय म्हणायचं हो? शाळेत शिकवलंय काय कुणी? अक्काताईंनी छातीवर हात ठेवला. "व्हेरी बॅड. फुल बॉडी. इनसाइड ऑल्सो."

"किती वेळात?"

"इमिजेट!"

संपलं! नर्सनं लाल पेन घेतला आणि लिहून टाकलं, अंड्याची भयंकर ॲलर्जी, खानदानी! म्हणाली, "माफ करा, तुमाला हे देता यायचं न्हाय. ही लस अंड्यातच वाढवत्यात."

अंड्यात! अक्काताई मटकन खाली बसल्या. तेवढ्यात अभिनंदन आला, त्यानं आण्णांना व्हिडिओ कॉल लावला, आणि आण्णा कबनूरहून असलं ओरडले की बाहेरचे पेशंट आत डोकावले, "घेऊ नगो! सहा दिवस बस मुंबईत!"

"सहा दिवस? तवर विहीणबाई बाळाला न्हाऊ घालून, तीट लावून, नाव ठेवून मोकळ्या व्हतील!" पण बोलता बोलता बाईची नजर आपल्या दंडाकडं गेली. थट्टा न्हाय हो ही. जन्मात जे ओठाला लावलं न्हाय, ते दंडातनं आत घ्यायचं? आणि न्हाय घ्यावं तर लेकीला कळा सुटतील तवा तिनं हात कुणाचा धरायचा? आईचा जीव म्हणजे दोन्हीकडनं वाजणारं ढोलकं!

पदरानं डोळं पुसलं आणि म्हणाल्या, "पोटात न्हाय, दंडात चाललंय. औषध म्हणून घेतो. गेल्यावर आमच्या जैन बस्तीत, देवळात, मुनीम्हाराजांना सांगीन, देतील तेवढे उपवास करीन. पण पैली आंघोळ मीच घालणार! टोच बाई!"

तर नर्स टोचंना! अभिनंदननं समजावलं, आवं ही ॲलर्जी न्हाय, हा धर्म हाय. ती म्हणाली, असंल, पण ॲलर्जी न्हाय हे कशावरनं? कधी खाल्लंय? न्हाय! मग कळणार कसं? बघा म्हणजे, खाल्लं असतं तर सुई मिळाली असती, आणि आयुष्यभर पाळलं म्हणून मिळंना! असला न्याय कुठं बघितलायसा?

तेवढ्यात अभिनंदन खाकरला. छताकडं बघत, बारीक आवाजात, इंग्लिशमधनं नर्सला म्हणाला, "खाल्लंय. गेल्या महिन्यात. केक."

इंग्लिश येऊ दे न्हाय तर न येऊ दे, केक कुणाला कळत न्हाय? अक्काताई गर्रकन वळल्या. "कुठला केक?"

"तुझ्या वाढदिवसाचा..."

"बिगर अंड्याचा म्हणालास की मुडद्या!"

"बिगर अंड्याचाच असंल, म्हणालो... इकडं तसला मिळत न्हाय गं आई. तुझं तोंड पडलं असतं म्हणून..."

नर्सनं लगीच कागद वढला. "खाल्ल्यावर अंगावर पुरळ?"

"न्हाय."

"धाप?"

"न्हाय. लई मऊ हाय म्हणाली आणि अजून एक तुकडा घेतला."

"काँग्रॅच्युलेशन्स!" म्हणाली नर्स. म्हणजे मराठीत पोराचंच नाव की!

अक्काताईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं. तुमास्नी सांगतो, त्या बघण्यानं पोराला मलेरिया उलटायचा! मग झंपरची बाही वर सारली आणि म्हणाल्या, "आदी सुई. तुझं घरी गेल्यावर बघतो."

मुंबईत इंजेक्शन घेतल्याचं पिवळं कार्ड सायबाच्या नाकाम्होरं असं धरलं की तो बिचारा "जावा आजी" म्हणून बाजूला झाला. घरी पोचल्या, आणि दुसऱ्याच दिशी प्रियदर्शनीला कळा! आईचा हात धरूनच बाळंत झाली पोरगी. मुलगी! गोरीपान, मूठ गच्च आवळलेली. अक्काताईंनी डोळं भरून बघितलं, पदर खोचला, तेल, डाळीचं पीठ, गरम पाणी, सगळं घेऊन दवाखान्यात हजर! "व्हा बाजूला! पैली आंघोळ..."

तर डॉक्टरीणबाई हसाय लागल्या. "आजी, आता तसं न्हाय घालत. नाळ पडंपर्यंत नुसतं ओल्या कापडानं पुसायचं."

"म्हणजे किती दिवस?"

"आठवडाभर धरा."

अक्काताईंनी विहीणबाईंकडं बघितलं, विहीणबाईंनी अक्काताईंकडं. आणि आण्णा... आण्णा बोटं मोजाय लागले! मोजली ती मोजली, वर अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे सहा दिवस मुंबईत बसली असतीस, तरी आंघोळीला टायमात पोचली असतीस की गं!"

अक्काताईंनी नातीला मांडीवर घेतलं, कुंची सारखी केली, आणि म्हणाल्या, "हळू बोला, बाळ निजलंय. केक खाऊन झाला, सुई टोचून झाली... आता उपवास तेवढे ऱ्हायल्यात."