कार्ड कुणाचं लावायचं

नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहराच्या वाचनालयात पुस्तकं नोंदवायच्या यंत्रापाशी रांग होती. मुलाकडे राहायला आलेल्या लतिकाबाई कानात कीर्तन लावून उभ्या होत्या. पूर्वरंग संपवून बुवा आख्यानाला हात घालणार, तोच पुढच्या जोडप्याचं मराठी कानावर पडलं आणि त्यांनी कीर्तन थांबवलं. त्यातल्या बाईच्या डोक्याला रुमाल गुंडाळलेला होता, हातात मुलांचं चित्रांचं पुस्तक होतं.

“भार्गवी, ठेव ते परत. शेवटी हंसीण मरते त्यात.”

“म्हणून तर घेतलंय.”

“असलं अभद्र घरात नको. शिवांगी सहा वर्षांची आहे.”

“मग डॉक्टर काय म्हणाले ते तिला कोण सांगणार? तू? मला ‘बरं वाटतंय का’ विचारतानाच तुला रडू येतं.”

“सांगू की मराठीत, हळूहळू.”

“हळूहळू सांगायला वेळ कुठंय, अनिमेष? आणि मनातलं सगळं ती डचमध्येच बोलते. मी डचमध्येच वाचणार.”

“तुझे उच्चार ऐकून खो खो हसेल ती.”

“हसू दे. रडायला तुम्ही दोघं आहातच नंतर.”

“आणि शेवटचं पान?”

“तेही मीच वाचणार. आवाज आहे तोवर. सरक पुढे, नंबर आला आपला.”

“बरं. तुझं कार्ड दे.”

“तुझं लाव.”

“का? नेहमी तुझ्याच कार्डावर घेतो आपण.”

“तीन आठवड्यांची मुदत आहे. परत तुलाच करायचंय.”

त्यानं कार्ड काढलं. ते यंत्रावर टेकवायला मात्र भार्गवीनंच त्याचा हात धरून पुढे नेला.