गल्लीत न मावणारी गाडी

(ओमती मोहल्ल्यातली अरुंद गल्ली. शोरूममधून चालवून पाहायला आणलेला मोठा पिकअप. स्टिअरिंगवर समृद्धी, शेजारी तिचे वडील दिवाकर. शोरूमचा अनुपम खाली उतरून गाडीच्या मागे उभा.)

समृद्धी : दोघं एकदम बोलू नका ना! डावीकडे काटू की उजवीकडे?

दिवाकर : डावीकडे काट.

अनुपम : राइट, मॅडम, राइट! अंकलजी, लेफ्टला खंबा आहे!

दिवाकर : खंबा मला दिसून राहिला. तू मागचं पाह.

अनुपम : बस, बस, बस! रुको मॅडम!

समृद्धी : हा कसला आवाज आला?

दिवाकर : आरसा असेल. आरसे घासतातच.

अनुपम : आरसा नाही अंकलजी, दरवाजा. खंब्याला चिपकला. आणि मॅडमच्या साइडला भिंत आहे. आता ना इधर खुलेगा, ना उधर.

समृद्धी : झालं समाधान, बाबा?

दिवाकर : थोडी मागे घे, मग पुढे.

समृद्धी : मागे-पुढे करतच इथपर्यंत आलो आपण! मी शोरूममध्येच म्हटलं होतं, ही गाडी आपल्या गल्लीत शिरणार नाही. तुम्ही म्हणालात, नेऊन दाखव. घ्या, दाखवली.

दिवाकर : हात बसला की शिरते. सारी उमर फॅक्टरीत फौजी ट्रक जोडले मी. गाडी कशाला म्हणतात ते मला कळते. तुला हवी ती छोटी म्हणजे काय गाडी आहे? डबा आहे डबा. मागून कोणी शिंकलं तर पालथी होईल.

समृद्धी : मला कुंड्या न्यायच्या आहेत, तोफा नाही.

दिवाकर : आणि खताची पोती? माती? छोटीला दोन चकरा लागतील, हिला एकच.

समृद्धी : मारीन मी दोन चकरा. नर्सरी माझी, चकरा माझ्या. सदर भागातल्या गिऱ्हाइकांच्या बंगल्यांची गेटं पाहिलीत ना? ही आत जाईल त्यातून? मग मोठ्या रस्त्यावरून एकेक कुंडी डोक्यावर घेऊन जाऊ का?

दिवाकर : रात्री नर्सरीतच उभी करायची. गल्लीत आणायचं कामच काय?

समृद्धी : ग्वारीघाट रोडवर, उघड्यावर? तिथून गेल्या पावसात फावडी गेली, पाण्याचा पाइप गेला. नवी कोरी गाडी कोण सोडेल?

अनुपम : मॅडम, पीछे ई-रिक्शा लग गई. तो हॉर्न देऊन राहिला. मी त्याला हटवतो, तोपर्यंत तुम्ही काही करू नका. अंकलजी, प्लीज, तुम्ही पण काही करू नका.

दिवाकर : मला काय सांगतो? मी बसलोच आहे.

समृद्धी : बंद करते इंजिन.

दिवाकर : कर.

समृद्धी : दोन महिन्यांपासून हेच चालू आहे, बाबा. छोटीचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता. मी ॲव्हरेज सांगते, तुम्ही टायरची गोष्ट काढता. मी टायर सांगते, तुम्ही स्प्रिंगपट्टा काढता. काहून? काय वाकडं केलं त्या छोटीनं तुमचं?

दिवाकर : सांगितलं ना. मजबूत नाही.

समृद्धी : मजबूत आहे. तुम्हीच खाली वाकून पाहिलं आणि अनुपमला म्हणालात, वेल्डिंग चांगलं आहे. मी ऐकलं.

दिवाकर : वेल्डिंगचं काय... त्यात दोनच जण बसतात.

समृद्धी : मग? मी आणि मुरलीधर. कुंड्या उतरवायला तो लागतोच.

दिवाकर : तेच.

समृद्धी : तेच काय?

दिवाकर : काही नाही. स्टिअरिंग सरळ करून ठेव.

समृद्धी : बाबा, तेच काय?

दिवाकर : हिच्यात तीन बसतात.

समृद्धी : ...तुम्हाला यायचं होतं?

दिवाकर : रोज नाही म्हणत मी. कधी कधी.

समृद्धी : अहो, मग हे बोलायला काय झालं होतं? मी वेड्यासारखी गाड्यांचे व्हिडिओ पाहत बसले! त्या अनुपमला चार चार वेळा घरी बोलावलं! आणि आता खंब्यात अडकून...

दिवाकर : काय बोलू? पोरीला म्हणू, मला गाडीत फिरव? तू सकाळी जातेस ते दिवे लागल्यावर येतेस. तुझी आई तिकडे नागपूरला आल्हादकडे नातवात रमली. फोन केला तर म्हणते, हळू बोला, तो झोपला आहे.

समृद्धी : सदरला जाता ना मित्रांकडे?

दिवाकर : तिथे सगळे गुडघ्यांवर बोलतात. माझे गुडघे चांगले आहेत.

समृद्धी : ...राग गेलेला नाही माझा.

दिवाकर : नको जाऊ देऊस.

समृद्धी : मोठी मी घेणार नाही.

दिवाकर : नको घेऊस. दारच उघडत नाही तर काय घेतेस.

अनुपम : चलो मॅडम, रिक्शा हटली! आता सीधा पीछे, धीरे धीरे. अंकलजी, या वेळी फक्त मी बोलणार.

दिवाकर : बोल बाबा, तूच बोल.

अनुपम : आने दो... आने दो... थोडं राइट... बस! निकल गई! आता उतरा, पाहू द्या. अरे यार, पूर्ण दरवाज्यावर स्क्रॅचची लाइन आली. मॅडम, मी मॅनेजरला काय सांगू?

समृद्धी : सांगा, मॅडमनं छोटी बुक केली. आणि या लाइनचं जे होईल ते माझ्याकडून.

अनुपम : पक्का? अंकलजी पण?

दिवाकर : अंकलजी पण. पांढरी देऊ नका म्हणावं, मातीत पाहवणार नाही.

समृद्धी : ऐका बाबा. सदरच्या चकरेला तुम्ही या. मुरलीधर त्याच्या मोटरसायकलनं पुढे जाईल. खताच्या दिवशी मात्र तोच बसेल गाडीत.

दिवाकर : खताच्या दिवशी मी घरीच बरा. बुरा मानेल का तो?

समृद्धी : मुरलीधर? मी चालवताना तो डोळे मिटून बसतो. खुश होईल.

दिवाकर : तू सकाळी लवकर निघतेस ना?

समृद्धी : हो.

दिवाकर : मग उद्यापासून अंघोळ मी आधी करत जाईन.

समृद्धी : गाडी यायला अजून वेळ आहे, बाबा.

दिवाकर : असू दे. सवय झालेली बरी.