हा नट कोणी आवळला?

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत शिक्षिकाबाई गॅरेजच्या बाकावर उत्तरपत्रिका तपासत होत्या, पण कान मात्र समोरच्या जुन्या फोर-व्हील जीपकडे होते. गॅरेजवाल्या पोराने तिचं मागचं चाक उतरवलं होतं. शेजारी जीपचे मालक काका उभे होते आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला काकू.

"काका, बेरिंग तापून पार निळं पडलंय. हा नट कोणी आवळला?"

"मागच्या मेकॅनिकने."

"मेकॅनिक कसला, पैलवान असेल! अहो, नट आवळला की थोडा मागे सोडायचा असतो. चाक हाताने मोकळं फिरायला हवं."

"ग्रीस मात्र सढळ हाताने भरलं होतं त्याने."

"सढळ? ब्रेकला न्हाऊ घातलंय! उतारावर ब्रेक लागला नसता म्हणजे?"

"घाईत असेल बिचारा."

"बिचारा काय? काकू, तुम्ही तरी बोला."

"मी काय बोलणार? मागचं चाक कण्हतंय, असं मी रोज सांगत होते. तर म्हणाला, नवीन ग्रीस आहे, मुरायला वेळ लागतो."

"मुरायला? ते काय लोणचं आहे?"

"वर म्हणाला, तुला गाडीतलं काय कळतं?"

"तुम्हाला असं बोलला? आणि काका, तुम्ही ऐकून घेतलंत?"

काकांना अचानक भिंतीवरच्या पान्यांमध्ये फार रस वाटू लागला. बाईंचं लाल पेन मघापासून एकाच ओळीवर थांबलं होतं.

"काकू, माझं ऐका. त्या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नका."

"बरं बाबा. मग आज रात्री झोपू कुठे?"