ओढ्याच्या वाटेवरची सवाष्ण

सरका, चुलीकडं सरकून बसा. आन त्यो मोबाईल ठेव रं खाली, त्येचा उजेड नको मला. हां. ऐका आता.

माझ्या नणंदेचा पोरगा जालिंदर. उंब्रजचा. लगीन झाल्यापासनं बायकूला कुठं नेली नव्हती, म्हनून एकदाचा निघाला फटफटीवरनं. बायकू म्हंजी उज्ज्वला. गुणाची पोर, पर जिभेला धार. मला अशाच आवडत्यात. पहिल्या दिशी सातारा बगितला. राजवाडा, चार भिंती, कंदी पेढं, समदं झालं. दुसऱ्या दिशी ठोसेघरचा धबधबा. आता धबधबा म्हंजी काय, पाणीच की वरनं पडतंय! पर न्हाई, लोकं त्येच्याम्होरं हुबीच्या हुबी ऱ्हात्यात. ही बी ऱ्हायली. तोंडावर तुषार उडालं, कपाळाची टिकली गेली वाहून. जालिंदर हसला बी तिला.

निघाय उशीर झाला. माझ्याकडं जेवाय येणार व्हती दोघं, मी पिठलं रटरटत ठिवल्यालं. सडकेनं यायचं सोडून ह्या शाण्यानं ओढ्याकडची जुनी वाट धरली. म्हनं, लवकर पोचू! दिस बुडाल्याला. धुकं असलं, की म्होरचं चाक दिसंना.

आन उंबराच्या झाडापाशी, वळणावर गाडी बंद पडली.

जालिंदर खाली बसून प्लगाशी झटतोय, तवर मागनं एक बाई आली. एकटी. हिरवं लुगडं, हातात कुंकवाचा करंडा. उज्ज्वलाला म्हनली, "तिन्हीसांजंचं सवाष्णीनं रिकाम्या कपाळानं जाऊ नये गं बाई. ये, कुंकू लावते."

सांगा आता! कुंकवाला नको म्हणती का कुठली बाई? हिनं कपाळ म्होरं केलं. बाईनं लावलं. बोट गार, लई गार. आन बाई म्हनली, "आता मला लाव."

परत लावायचंच असतंय की, रीतच हाय. हिनं चिमूट घेतली, बोट तिच्या कपाळाला टेकवलं. टेकलंच न्हाई! आत गेलं! हंड्यातल्या पाण्यात बोट बुडावं तसं आत गेलं, बया!

हिनं हात मागं वढला. कुंकू खाली सांडलं. त्येवढ्यात गाडी सुरू झाली, ही उडी मारून मागं बसली. "चला! चला म्हणते न्हवं!" दुसरं कायबी सांगता येईना तिला. जालिंदरला काय ठावं? त्येची पाठ व्हती तिकडं.

लगीन व्हायच्या आधीच ओढ्यात गेल्याली पोर हाय ती, असं म्हणत्यात. तिला संसार पायजे. सवाष्णीच्या हातचं कुंकू लागलं, की सवाष्णीची जागा तिची. मग खरी बायकू ऱ्हाती ओढ्यात. हसू नगंस गं, तुझंच लगीन हाय दोन म्हैन्यांनी.

म्होरं वळण आलं. तीच बाई! पर अंगावर हिरवं लुगडं न्हाई, उज्ज्वलाची पिवळी साडी. गाडी पळवली. पुन्हा तेच वळण, तेच उंबराचं झाड. बाईच्या हातात उज्ज्वलाच्या बांगड्या. जालिंदर घाबरला, ब्रेक दाबला, गाडी घसरली. दोघं दोन बाजूला. धडपडत उठून बगतोय तर काय, म्होरं दोन उज्ज्वला! तीच साडी, तेच तोंड. एकीच्या कपाळाला कुंकू. एकीचं कपाळ मोकळं.

मोकळी म्हनली, "अवो, मी हितं हाय. माझी टिकली न्हाई का गेली धबधब्यात? तुम्ही हसला की मला."

खरंच की! टिकली गेल्याली त्येनं डोळ्यांनी बगितल्याली. कुंकू लावताना कुठं बगितलं व्हतं? त्यानं हात केला म्होरं. मोकळ्या कपाळाकडं केला! चार बोटं अंतर ऱ्हायलं.

तवर कुंकवाची वरडली. "घेऊन जावा! बायकू वळखंना तुम्हाला! बसवा तिला मागं, बसवा! पर गाडी हळू हाणा. मागचा ब्रेक लागत न्हाई तिचा, आन धुकं हाय." आन रडाय लागली.

बगा पोरीचं! आपला जीव चालल्याला, आन हिला त्येच्या ब्रेकाची काळजी. जालिंदरनं झडप घालून तिलाच वढली, गाडी हुबी केली, तिला मागं घातली आन सुटला.

मग त्ये दुसरं धावाय लागलं. गाडीच्या बरोबरीनं. पाय हलत न्हाईत, आन धावतंय! बगता बगता तोंड पुसलं गेलं, डोळं गेलं, नाक गेलं, नुसती साडी आन आवाज. "मला बी न्या की वो घरी. मला बी न्या." सडकेवर यष्टीचा उजेड दिसला तवा कुठं त्ये मागं थांबलं.

दोघं माझ्या उंबऱ्यात येऊन कोसळली. समदं मला तिथंच सांगितलं. मी पोरीचं कपाळ धुतलं. कुंकू कसलं, ओढ्याचा गाळ व्हता त्यो. ती माझ्या कुशीत झोपली. जालिंदर झोपला न्हाई. चिमणी हातात घेऊन उजाडस्तवर तिच्या तोंडाकडं बगत बसला. घडीघडी मला हालवायचा. "मामी, हीच हाय न्हवं गं?"

म्हणून सांगते, त्या वाटंनं जाऊ नगा. कुणी हाका मारू दे, कुणी कुंकू दावू दे, कितीबी उशीर होऊ दे. सडकेनं या. आज त्येंची पोरं कालिजात गेली, संसार ब्येस चाललाय. पर अजून त्यो आला, की मला परड्यात बाजूला नेतो आन इचारतो, "मामी, हीच न्हवं?"

हीच हाय रं बाबा, म्हणते मी. दुसरं काय म्हणू?